टाकली नाही, ठेवली

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. माझ्या आज्याला त्याच्या आज्यानं सांगितली, आणि त्यालाही कुणीतरी सांगितलीच असणार. लहानांनी पुढं सरका, मोठ्यांनी तंबाखू थुंकून या. गोष्ट काठीची आहे, पण मार कुणाला बसणार नाही.

दोन डोंगरांच्या मधे एक खोरं होतं. खोऱ्यात लहानमोठ्या वाड्या आणि खाली नदी. नदीच्या अलीकडं खोऱ्याची माणसं, पलीकडं राजा. खोऱ्याला मात्र राजा नव्हता. "आमचं डोकं आम्हाला पुरतं, वर मुकुट कशाला?" असं ती माणसं म्हणायची. जराशी आगाऊच होती, पण मला आवडतात.

आता राजा नाही म्हणजे कारभार नाही, असं नव्हे. दर बारा वर्षांनी खोऱ्यातली माणसं आपला कारभारी निवडत. घरटी एक चिंचोका. ज्याच्या मडक्यात चिंचोके जास्त, तो कारभारी. त्याच्या हाती घुंगुरकाठी यायची. खैराची दणकट काठी, वरच्या टोकाला पितळी घुंगरांचा झुबका. कारभारी रोज सकाळी ती आपटत वाड्यांमधून नदीच्या घाटापर्यंत जायचा. घुंगरं ऐकू आली की बाया म्हणायच्या, "चला, आपलं कुणीतरी जागं आहे." आणि कामाला लागायच्या.

त्या घुंगरांकडं पलीकडच्या राजाचेही कान असायचे. कारण पूर्वी एकदा त्या राजाच्या पणज्यानं खोऱ्यातली माणसं धरून नेली होती, किल्ल्याचे धोंडे वाहायला. वेठीला. ना मजुरी, ना भाकरी. कितीजण गेले आणि पाठीला पोक घेऊन परतले, कितीजण परतलेच नाहीत. मग खोरं उठलं, लढलं, आणि शेवटी तह झाला. तहाचा शब्द एवढाच होता: 'खोऱ्याची काठी ज्याच्या हाती, त्याला आमचा शब्द, त्याच्या हद्दीत आमचा घोडा पाण्यात उतरणार नाही.'

चांगला शब्द होता. पण त्यात एक भोक होतं. ज्या भोकातून कधी पाणी गळलं नाही, त्याला कुणी भोक म्हणत नाही, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

भोक कुठं होतं, ते सांगतो. काठी बदलायची एक रीत होती. मुलं तोंडपाठ म्हणायची: 'जुन्यानं ठेवावी, नव्यानं उचलावी, मधे उचलील तो चोर.' अमावास्येला जुना कारभारी काठी आणून करंजाच्या पारावर ठेवायचा. नवा कारभारी ती पौर्णिमेला उचलायचा. मधला पंधरवडा त्यानं रिकाम्या हातानं वाडीवाडी फिरायचं आणि दारोदारी एकेक घास खायचा. हातात काठी असली की लोक रामराम घालतात, हात रिकामा असला की खरं बोलतात, म्हणून ही रीत. रीत शहाणपणाचीच होती, मी नाही म्हणत नाही.

तर त्या काळी हैबती नावाचा कारभारी होता. बारा वर्षं त्यानं काठी चालवली. माणूस सरळ, पण रीतीचा भारी कडक. त्याची मुदत संपली, चिंचोके पडले, आणि मैनाक्का निवडून आली. पाण्याच्या पाळीवरून भांडणारे शेतकरी जिच्याकडं न्याय मागायला जायचे, तीच ही मैनाक्का. तिचं हसू दोन वाड्यांपलीकडं ऐकू जायचं. तिच्याविरुद्ध उभा होता दौलती. अंगानं पैलवान, बोलण्यात तिखट. थोडक्यात हरला आणि तोंड फुगवून बसला.

मैनाक्का त्याच्या दारात गेली. म्हणाली, "दौलती, पौर्णिमेला माझ्या शेजारी उभं राहायचं हं. रुसून घरात बसलास तर कान धरून ओढून आणीन."

दौलती म्हणाला, "बघू." पण ओठाच्या कोपऱ्यात हसला.

अमावास्या आली. हैबती काठी घेऊन निघाला, तेव्हा त्याची बायको साळूबाई ताक घुसळत होती. ती म्हणाली, "अहो, ती काठी मैनाक्काच्या हातातच द्या ना. पारावर कशाला ठेवता? नवं दही लागायच्या आधी घरातलं विरजण कुणी संपवतं का?"

"साळू, रीत आहे," हैबती म्हणाला.

"रीत आहे ते कळलं. मधे मांजर येऊन तोंड घालील, त्याचं काय?"

"आजवर आलं का मांजर?"

"मांजर सांगून येतं होय?" साळूबाई म्हणाली आणि पुन्हा रवीला लागली.

हैबतीनं काठी पारावर ठेवली, हात जोडले आणि घरी आला. मैनाक्का रिकाम्या हातानं वाड्या फिरू लागली. कुठं नाचणीची भाकरी खाल्ली, कुठं सासूची तक्रार ऐकली, कुठं सुनेची. सगळ्यात वरच्या वाडीला जाताना डोंगराची दरड कोसळली आणि मैनाक्का तिच्याखाली गेली. माणसं धावली, माती उपसली. पण ती हसरी बाई गेली होती.

खोऱ्यात कुणाची चूल पेटली नाही. दौलती आपल्या ओट्यावर बसला होता. एवढा पैलवान, पण लहान पोरासारखा हमसून हमसून रडला.

रडून झालं, आणि मग माणसांच्या लक्षात आलं. काठी पारावर आहे. जुन्यानं ठेवली. नवी उचलायला राहिली नाही. आता कारभारी कोण?

झालं! जो तो शहाणा. दौलतीच्या वाडीचे म्हणाले, "पहिली गेली, आता दुसरा. दौलतीनं उचलावी."

मैनाक्काच्या वाडीचे म्हणाले, "वा रे वा! ज्याला खोऱ्यानं नको म्हटलं, त्याला दरडीनं निवडलं होय?"

कुणी म्हणालं, पुन्हा चिंचोके टाका. पण वाड्या लांबलांब, वरची वाट बंद पडलेली. चिंचोके गोळा व्हायला पंधरवडा तरी जाणार. मग सगळे हैबतीकडं वळले. "बाबा, तुम्हीच उचला. तुमच्या हाताची तिला सवय आहे."

हैबती पारापाशी आला. त्यानं हात पुढं केला. बारा वर्षं जिच्यासंगं चालला ती काठी, हाताला ओढ असणारच. पण बोटं काठीला लागायच्या आत त्यानं हात मागं घेतला.

"नाही," तो म्हणाला. "मी ठेवली तेव्हाच माझा हक्क सरला. आज तुमच्या भल्यासाठी उचलीन. पण उद्या एखादा कारभारी म्हणेल, हैबतीनं ठेवून परत उचलली होती, मग मी ठेवूच कशाला? मधे उचलील तो चोर. मी चोर होणार नाही."

बोलणं खरं होतं. पण खऱ्या बोलण्यानं पेच सुटतोच असं नाही. लोक माना हलवत घरी गेले आणि काठी पारावरच राहिली.

इकडं नदीपलीकडं राजाचे कान टवकारले. घुंगरं बंद होती, ते दर बारा वर्षांनी व्हायचंच. पण मैनाक्का गेल्याची बातमी पोचली आणि राजा मांडीवर थाप मारून हसला. आयत्या बिळावर नागोबा व्हायची संधी कोण सोडतो? त्यानं आपला वकील नदीपार धाडला. हा वकील बारा गावचं पाणी प्यालेला. अंगात जरीचा अंगरखा, जिभेवर साखर.

वकील सकाळीच खोऱ्यात उतरला आणि आधी गेला दौलतीच्या घरी. म्हणाला, "पैलवान, कशाला वाट बघता? काठी उचला. लोक चोर म्हणतील, म्हणू द्या. आमचे महाराज तुम्हाला कारभारी मानतील. फक्त दरसाल थोडी माणसं द्यायची, धोंडे वाहायला. तुमच्या वाडीची नकोत, बाकीच्यांची चालतील."

दौलती म्हणाला, "बघू." वकिलाला वाटलं, मासा गळाला लागला. तो खुशीत पारावर आला.

वरच्या वाडीची वाट बंद, पण बाकी सगळं खोरं पाराभोवती जमलं. वकिलानं घसा साफ केला. "मंडळी, आमचे महाराज शब्दाचे पक्के. 'काठी ज्याच्या हाती, त्याला आमचा शब्द.' दाखवा, कुणाच्या हाती आहे? मी त्याला मुजरा करून परत जातो."

सगळे पारावरच्या काठीकडं बघू लागले.

"कुणाच्याच नाही?" वकील म्हणाला. "मग आमचा शब्दही कुणालाच नाही. आणि जगाची रीत तुम्हाला ठाऊक आहेच, बेवारस माल राजाचा. सूर्य मावळायच्या आत काठीला धनी दाखवा. नाहीतर महाराजांचा घोडा पाण्यात उतरेल. घाटासमोर फौज उभी आहे, जाऊन बघा हवं तर."

माणसांच्या पाचावर धारण बसली. म्हाताऱ्यांना आपल्या बापांच्या पोक आलेल्या पाठी आठवल्या. आयांनी पोरं जवळ ओढली.

वकिलाला एवढ्यावर गप्प बसता आलं असतं. बसला असता तर जिंकलाही असता. पण गोड जिभेला खाज फार. तो म्हणाला, "आम्हाला दोष देऊ नका बरं. तुमच्या हैबतींनीच काठी टाकली, आम्ही थोडीच टाकायला लावली?"

हैबती ताडकन उठला. "टाकली नाही! ठेवली!"

"अहो, टाकली काय, ठेवली काय. एकच."

"एकच?" गर्दीतून साळूबाईचा आवाज आला. ती कमरेवर हात ठेवून पुढं आली. "एकच कसं हो वकीलसाहेब? मी तुमच्या दारात केर टाकला आणि तुमच्या घरात माझा सोन्याचा डाग ठेवला, तर एकच का? केराला धनी नसतो. ठेवलेल्या डागाला असतो!"

एवढ्या घाबरलेल्या गर्दीतही खसखस पिकली. वकील जरा चपापला, पण हार मानणारा नव्हता. "बरं बाई, ठेवली. मग कुणापाशी ठेवली? सांगा की."

आता मात्र साळूबाईही थबकली. तेवढ्यात गर्दी बाजूला सारत दौलती आला. सरळ पारावर चढला आणि काठीपुढं उभा राहिला. वकिलाच्या मिशा हसल्या. मैनाक्काच्या वाडीचे ओरडले, "चोर! चोर!"

दौलतीनं हात वर केला. "ओरडताय कशाला? हात लावलाय का मी अजून?" मग तो हैबतीकडं वळला. "बाबा, अमावास्येला तुम्ही काठी इथं ठेवली, तेव्हा इथं कोण होतं?"

"कोण म्हणजे? सगळे होते. सगळं खोरं होतं."

"घरात नेऊन का नाही ठेवली? देवळात का नाही ठेवली?"

"खोऱ्यादेखत ठेवायची असते. खोऱ्यापाशी ठेवायची असते," हैबती म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचे डोळे मोठे झाले.

"ऐका!" दौलती गरजला. "खोऱ्यापाशी ठेवलेली, म्हणजे ही खोऱ्याची ठेव! काखेत कळसा आणि गावाला वळसा घालत बसलोय आपण! मधे उचलील तो चोर, खरं आहे. पण चोर कोण? दुसऱ्याची वस्तू उचलतो तो. ज्याची ठेव त्यानंच उचलली, तर चोरी कसली? हा वकील सकाळी माझ्या घरी आला होता. म्हणाला, तू एकटा उचल, राजा तुला मानील, बदल्यात माणसं दे. मी एकट्यानं उचलली, तर मी चोर. आपण सगळ्यांनी उचलली, तर आपण धनी! या इकडं. मैनाक्कानं मला शेजारी उभं राहायला सांगितलं होतं. तिच्या शेजारी नाही राहता आलं, तुमच्या शेजारी तरी राहू द्या!"

मग साळूबाईनं पदर खोचला. "बघता काय? हात लावा!"

आणि खोरं उठलं! दौलतीच्या हाताशेजारी मैनाक्काच्या म्हाताऱ्या आईचा हात आला. मगाशी चोर चोर ओरडणाऱ्यांचे हात आले. मागाहून पोरांचे, पोरींचे, कुंभारणीचे, गुराख्याचे. काठी केवढीशी आणि माणसं किती! ज्यांचा हात पोचला नाही, त्यांनी पुढच्याच्या खांद्यावर ठेवला. पण घुंगरांच्या खाली मूठभर जागा सगळ्यांनी न सांगता मोकळी सोडली. ती मैनाक्काची. हैबती सगळ्यात मागं उभा होता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्यानं ते पुसलं नाही.

"उचला!"

काठी उचलली गेली. घुंगरं वाजली. आणि काय वाजली म्हणून सांगू! एका कारभाऱ्याच्या हातात वाजत होती, तेव्हा खोऱ्यापुरती वाजत होती. आज डोंगरांनी ती परत म्हणून दाखवली. वाजतगाजत सगळं खोरं घाटावर आलं. काठी जमिनीवर आपटली, पुन्हा आपटली. मागून आवाज उठला, "काठी आमच्या हाती! काठी आमच्या हाती!"

पलीकडं राजाचा घोडा गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरला होता. बघा, सूर्य मावळायचीही वाट बघितली नव्हती गड्यानं. वकील नावेतून धापा टाकत परत गेला.

"काय रे," राजा म्हणाला, "माल बेवारस आहे ना?"

वकील घाम पुसत म्हणाला, "महाराज, मी वारस शोधायला गेलो होतो. तिथं नुसते वारसच वारस आहेत. एक माणूस असता तर धमकावला असता, दोन असते तर भांडण लावलं असतं. एवढ्यांचं काय करू?"

राजानं मागं बघितलं. साऱ्या फौजेनं त्याच्या पणज्याचा शब्द पाठ केलेला होता. 'काठी ज्याच्या हाती, त्याला आमचा शब्द.' काठी हातात होती, डोळ्यांना दिसत होती, कानांना ऐकू येत होती. आता घोडा पुढं घातला, तर आपल्याच सैन्यापुढं शब्द मोडणार. राजानं लगाम मागं ओढला. घोडा शेपटी हलवत काठावर चढला. अलीकडच्या काठावर असा जल्लोष झाला की झाडांवरचे बगळे उडाले. मैनाक्काची आई म्हणाली, "माझी पोर असती तर सगळ्यांत मोठ्यानं हसली असती." मग तीच हसली.

त्या दिवसापासून काठी पुन्हा खाली ठेवली गेली नाही. आज या वाडीनं धरायची, उद्या त्या वाडीनं. पुढं दरडीची वाट मोकळी झाली, चिंचोके पडले, आणि दौलतीचं मडकं भरून सांडलं. तो म्हणाला, "यंदा तरी थोडक्यात नाही ना?" सगळे खो खो हसले.

काठी द्यायची वेळ आली, तेव्हा त्या दिवशी ती धरायचा मान सगळ्यांनी हैबतीला दिला. त्यानं ती पारावर ठेवली नाही. दौलतीच्या हातात दिली, आणि दौलतीची मूठ घट्ट वळेपर्यंत आपली सोडली नाही. मग साळूबाईकडं वळून म्हणाला, "तुझं विरजण जिंकलं गं."

"मी काय सांगत होते?" साळूबाई म्हणाली. ती हे म्हणायची संधी सोडणार नव्हती.

मुलं नवी रीत तोंडपाठ करू लागली: 'जुन्यानं द्यावी, नव्यानं घ्यावी, घेतल्यावाचून सोडू नये.' नवा कारभारी रिकाम्या हातानं वाड्या अजूनही फिरतो, पण तेवढे दिवस काठी जुन्याच्या हातात असते. कारभाऱ्यासोबत आणखी एक माणूस निवडतात. कारभाऱ्याचं बरंवाईट झालं, तर काठी त्यानं घ्यायची. त्या माणसाला काय म्हणतात, ठाऊक आहे? विरजण! तुमच्याकडं आनंदावर विरजण पडलं की माणसं रडतात. त्या खोऱ्यात विरजण निवडलं की ढोल वाजवतात. आणि विरजणही राहिलं नाही, तर काय करायचं, ते आता त्यांच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

काठीवर घुंगरांच्या खाली मूठभर जागा मात्र अजून मोकळी आहे. तिथं कुठलाच कारभारी हात धरत नाही.

तर पोरांनो आणि पोरांच्या बापांनो, उठायच्या आधी एवढं गाठीला बांधा: सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात द्यावी, मधे ठेवू नये, आणि कधी मधे राहिलीच, तर ती बेवारस नसते, सगळ्यांची ठेव असते, सगळ्यांनी मिळून उचलावी.